म्हशींना कोण सांगणार?

एकोणीसशे नव्याण्णवचा डिसेंबर. नवं साल लागताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी आवई उठली होती. आमच्या दूध डेअरीतही एक कॉम्प्युटर होता. चेअरमन विश्वंभरराव सभेत गरजले, "धोका नको! एक तारखेपासून आठ दिवस दूध घेणं बंद!"

लोकांची तोंडं उतरली. एवढं दूध काय ओतून द्यायचं?

चार म्हशी सांभाळणाऱ्या साळूबाई उठल्या. "बंद ठेवा, साहेब. फक्त एक काम करा."

"बोला, मावशी."

"आमच्या गोठ्यात या आणि म्हशींना सांगा, आठ दिवस पान्हा चोरा म्हणावं. आमचं त्या ऐकत नाहीत, चेअरमनचं ऐकतील."

सभा खदखदून हसली. विश्वंभररावांनी हसत हसत जुनं माप आणि वही कपाटातून काढायला सांगितली.

एक तारखेला म्हशींनी दूध दिलं. कॉम्प्युटरनंही पान्हा चोरला नाही.