डाव्या पायाचा संशय

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळची, की ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी ती घडली, त्याचं नावही आज कुणाला आठवत नाही. त्या पायथ्याशी एक आखाडा होता आणि तिथे तरुण मुलं पट्टा, पवित्रे आणि लाथा शिकत.

आखाड्याची एक रीत होती. अंग ताणायचं ते जोडीनंच. एकानं मातीत उताणं पडायचं, दुसऱ्यानं त्याचा पाय सरळ धरून डोक्याकडे दाबत न्यायचा. कळ सोसेनाशी झाली की पडलेल्यानं मातीवर हाताची थाप मारायची. थापेआधी दाबणाऱ्यानं सोडायचं नाही, आणि थापेनंतर केसभरही पुढे जायचं नाही.

तिथे एका सुताराच्या मुलाची आणि एका कुंभाराच्या मुलाची जोडी होती. सुताराच्या मुलाचा उजवा पाय थेट कपाळापर्यंत यायचा. डावा मात्र अर्ध्या वाटेतच अडायचा.

एके दिवशी राजाची दवंडी पिटली. दसऱ्याला महादरवाज्यासाठी एक रखवालदार निवडायचा होता. डोक्याएवढ्या उंचीवर दोन मडकी टांगायची. उजवं उजव्या लाथेनं फोडायचं, डावं डाव्या लाथेनं. सुताराच्या मुलाला लहानपणापासून त्या दरवाज्यावर उभं राहायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण कुंभाराच्या मुलानंही नाव दिलं.

झालं. संशयाला काय, टेकायला बोटभर जागा पुरते.

'डावा पाय दाबताना याचे हात सैल का पडतात?' सुताराचा मुलगा पाहू लागला. 'उजव्याच्या वेळी हा माझ्याकडे बघतो, डाव्याच्या वेळी तोंड फिरवतो. का फिरवतो?' जोडीदारानं चोळायला तिळाचं तेल आणलं, ते त्यानं हुंगून बाजूला ठेवलं. जोडीदार हसला तर हसला का, गप्प बसला तर गप्प का! त्यातून मडकी त्याच्याच घरून येणार होती. हे आठवल्यापासून तर त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी तो वस्तादांकडे गेला. "वस्ताद, माझी जोडी बदला. कुठंतरी पाणी मुरतंय."

म्हातारे वस्ताद म्हणाले, "बदलतो बाबा. पण पाणी कुणाच्या घरात मुरतंय, ते तेवढं बघून घे."

दुसरा जोडीदार आला. डावा पाय तिथेच अडला. तिसरा आला, तरी तेच. 'हे सगळे त्याला फितूर आहेत,' असं त्यानं ठरवलं आणि आखाड्यात जाणंच सोडून दिलं.

माणूसच नको म्हणून त्यानं घरी एक सागवानी सांगाडा बनवला. पाय फळीला बांधायचा आणि फळीखाली पाचर ठोकत जायची. पाचर जेवढी आत जाईल तेवढी फळी वर उचलली जाई. लाकूड काही कुणाला फितूर होत नाही, असा त्याचा हिशेब होता.

उजवा पाय बांधला, पाचर पार आत गेली. डावा बांधला, पाचर अर्ध्यात थांबली.

नाचता येईना, अंगण वाकडं! त्यानं फळी पारखली, दोर पारखले. 'माझ्या माघारी तो इथंही येऊन गेला,' असं पुटपुटत त्यानं हातोडा उचलला आणि रागाच्या भरात सगळा जोर लावून घाव घातला. पाचर आत गेली, आणि मांडीत काहीतरी फाटलं.

दसऱ्याला तो काठी टेकत मैदानात आला, तोही मडक्यांचे दोर मोजायला. दोन्ही दोर सारखेच निघाले. कुंभाराच्या मुलानं दोन्ही मडकी फोडली आणि महादरवाजा त्याला मिळाला.

दुसऱ्या दिवशी तोच सुताराच्या दारी आला, हातात तेलाची वाटी घेऊन.

"आता तरी खरं सांग," सुताराचा मुलगा म्हणाला. "डाव्याच्या वेळी तू तोंड का फिरवायचास?"

"तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ते मी बघितलेलं तुला आवडलं नसतं."

"आणि हात का सैल सोडायचास?"

"तू थाप मारायचास म्हणून. उजव्याला तुझी थाप उशिरा पडायची. डाव्याला मी पाय धरला न धरला, की पडायची. रीत मोडून मी कसा दाबू?"

सुताराचा मुलगा कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे पाहत राहिला. तिथे तर दुसरं कुणीच नव्हतं. पाचर अर्ध्यात थांबवणारा हात त्याचाच होता. त्याला फार लाज वाटली.

मांडी भरून आल्यावर पहारा संपला की कुंभाराचा मुलगा रोज यायचा आणि त्याचा डावा पाय हळूहळू उचलायचा. डोळ्यांत पाणी यायचं, पण आता थाप घाईनं पडत नव्हती आणि कुणी तोंडही फिरवत नव्हतं. तरी पूर्वी जिथे अडायचा, तिथवर पोचायलाच त्या पायाला वर्ष लागलं. महादरवाजा काही पुन्हा रिकामा झाला नाही.

लहानांनी ऐकावं आणि थोरांनी ध्यानात ठेवावं ते एवढंच: दुसऱ्याच्या हातावर संशय घेण्याआधी, आपली थाप कधी पडते ते पाहावं.