रानजाईचं पांघरूण

चपला या दगडी गडग्याच्या अलीकडे काढा, आणि खराटा असेल तर तोही बाहेरच. हसू नका, नव्या सुना खरंच घेऊन येतात. उंबरखोलच्या या देवराईत झाडू लागत नाही. पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात जातील, जाऊ द्या. रानजाई देवीच्या पाषाणावर तेवढं पाणी घालतात, बाकी जे गळेल ते जिथल्या तिथं. पाहुण्यांना वाटतं, काय ही आळशी माणसं! पण एके काळी हेच रान असं लख्ख होतं, की पान न मांडता भुईवरच वाढून घ्यावं.

तो लख्खपणा आवडाईचा. कुठल्या काळातली कोण जाणे, पण गोष्ट सांगतात ती अशी, की आवडाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या माहेरी कुणी उरलंच नव्हतं. सणाला बाकीच्या सुना माहेरी निघाल्या, की ही इथे यायची. देवीच्या मागे ते सुरंगीचं झाड आहे ना, त्याला टेकून बसायची आणि रानजाईला घरचं सगळं सांगायची. सासू कशी बोलली, भाकरी कशी करपली, सगळं. देवीला आई म्हणायची म्हणे, अगं-तुगं करून.

आता आईचं अंगण म्हटल्यावर ते घाण कसं ठेवायचं? रोज सकाळी ती पान न् पान झाडायची. शेणाने सारवायची, कडेने रांगोळी काढायची. पेरणीआधी शेत भाजायला लोक रानातून पाला आणायचेच, पण देवीचा पाला नेऊन जाळायची कुणाची छाती नव्हती. मग आवडाई टोपल्या भरभरून तो गडग्यापलीकडच्या घळीत ओतायची. गावाने तिचं कौतुक केलं. सासूसुद्धा चार बायकांत तिचं नाव घ्यायला लागली, म्हणजे बघा.

अशी बरीच वर्षं गेली. सुरंगीची पानं पिवळी पडायला लागली, मग शेंडा वाळला. एका शिमग्याला झाडाला फूल म्हणून आलं नाही. खालचा झराही बारीक झाला. आवडाईला वाटलं, आपल्याच सेवेत काही कमी पडतंय. ती दोन वेळा झाडायला लागली, सारवण आणखी जाड दिलं.

तेव्हाचा गुरव भिवा. त्याने गावाला सांगितलं, "देवीला इथं राहायचं नाही. झाड तोडू, त्याच्या लाकडाची पालखी करू आणि तिला गावात नेऊन बसवू." पेरण्या उरकल्यावर कौल लावायचं ठरलं.

आवडाईपुढे प्रश्न पडला. देवी गावात गेली, की चार माणसांच्या देखत तिच्याशी बोलायचं कसं? उरलंसुरलं माहेरही जाणार होतं. त्या दिवशी टोपली ओतायला ती घळीशी गेली, गडग्यावर बसून रडली आणि उतरताना पाय सटकून थेट त्या ढिगात पडली.

वरचा पाला कोरडा होता. हात आत गेला तशी खालची पानं ओली, मऊ, अर्धी विरलेली लागली. त्याखाली तर पानंच नव्हती, काळीभोर माती होती. सुतासारखी पांढरी बुरशी, गांडुळं, आणि पाऊस पडून गेल्यासारखा वास. त्या ढिगात सुरंगीची रोपं तरारली होती, तिनेच झाडून टाकलेल्या बियांची. वर देवीच्या अंगणात मात्र भुई खळ्यासारखी टणक. पाऊस पडायचा आणि सारवणावरून वाहून जायचा.

ती तशीच मातीने माखलेली उठली. मग टोपली भरली आणि वर न्यायला लागली.

भिवा गुरव धावत आला. "आवडे, देवीच्या अंगणात उकिरडा करतेस?"

"उकिरडा नाही हो भिवाभाऊ. हे तिचंच आहे. झाड खाली टाकतं, माती ते जिरवते आणि झाडालाच परत देते. मी मधे घुसून रोज तिचं ताट उचलून नेत होते. वर तिचं पांघरूण काढून तिला उन्हात ठेवली."

"आणि झाड नाहीच फुटलं तर?"

"तर मी गाव सोडून जाईन. पण येता शिमगा होईपर्यंत कुऱ्हाड लावू नका."

लोक चिडले, पण तिला माहेर नाही हे सगळ्यांना माहीत होतं. जाणार कुठे बिचारी, म्हणून थांबले. आवडाईने काठीने सारवण फोडलं. घळीतला पाला वाहून वाहून तिच्या डोक्याला घट्टे पडले. पावसाळ्यात पाणी वाहून गेलं नाही, पानांत मुरलं. थंडीत झऱ्याची धार थोडी जाड झाली. झाड मात्र तसंच.

शिमगा आला. माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. आवडाई गाठोडं बांधूनच आली होती. देवीच्या पायाशी डोकं टेकून म्हणाली, "आई, येते गं." भिवाने झाडाला नारळ फोडायला हात वर केला आणि तसाच थांबला. वास येत होता. वाळकी म्हणून सोडलेल्या एका जुनाट फांदीची साल फोडून फुलं आली होती, पिवळी-पांढरी, जेमतेम मूठभर. त्याने नारळ फोडला, पण देवीपुढे. मग गाठोडं आवडाईच्या हातातून घेतलं आणि स्वतः तिच्या घरी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाल्याची टोपली घेऊन सगळ्यांत आधी तोच आला, असं सांगतात.

आजही शिमग्याला गावातलं प्रत्येक घर आपल्या अंगणातला पाचोळा टोपलीने इथे आणून पसरतं. देवीला पांघरूण घातलं, असं म्हणतात. माहेर नसलेली सून गावात असेल, तर पहिली टोपली तिची. त्या दिवशी गुरवाच्या घरून तिला साडी-चोळी येते, लेक माहेरी आल्यासारखी. आणि इथून निघताना अंगावरचं पान इथेच झटकायचं, बाहेर न्यायचं नाही.

ताई, तुमच्या केसांत एक राहिलंय बघा. थांबा, गडगा ओलांडू नका. काढा आणि द्या आईचं आईला.