कथलाची करकर

तीन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. तिथल्या लोकांनी चार वर्षं खपून ओढ्यावर बंधारा बांधला आणि तो काठोकाठ भरला! मग काय, गावजेवण ठरलं. कढीभाताचं.

देवळापुढे सकाळपासून ताशे कडाडत होते. पारावर सात मोठी तांब्याची पातेली मांडली होती. ती बरीच वर्षं वापरात नव्हती, आतली कल्हई पार उडाली होती. उघड्या तांब्यात कढी कळकणार, म्हणून फिरत्या कल्हईवाल्यांना बोलावलं होतं. इसाक भाता ओढायचा आणि त्याची बायको जैतूनबी कल्हई लावायची.

पातेलं तापलं की ती नवसागर टाकी. भसकन पांढरा धूर निघे. मग ती कथलाची कांडी आत टेकवी. कथील तुपासारखं वितळे. कापसाचा बोळा गरकन फिरला की लाल तांबं रुपेरी होऊन लखलखे! पोरं टाळ्या पिटत होती.

पाच पातेली झाली आणि कथील संपलं.

तेवढ्यात एक फिरता व्यापारी आला. "अस्सल कथील!" म्हणत त्याने दोन कांड्या पुढे केल्या. घाई होती. इसाकने घेतल्या.

जैतूनबीने सवयीने एक कांडी कानाशी धरून वाकवली. कथील वाकताना करकरतं. ही कांडी गप्प होती. ताशांमुळे ऐकू आलं नसेल, असं वाटून ती देवळामागे गेली आणि पुन्हा वाकवली. आवाज नाही. तिने कांडी पांढऱ्या भिंतीवर ओढली, तर काळी रेघ उमटली.

ती परत आली आणि हळूच म्हणाली, "अहो, हे शिसं आहे."

इसाक गडबडला. "कोणाला कळणार आहे? हेही असंच चमकेल. उद्या आपण पुढच्या गावी असू."

"चमकेल हो. पण आंबट कढीत त्याचं विष उतरेल. ही पोरं खातील ती."

"काम अर्धं टाकलं तर हे लोक आपल्याला पुन्हा उभं करणार नाहीत."

ते तिलाही ठाऊक होतं. पंचक्रोशीत एवढं मोठं काम दुसरं नव्हतं. तरी तिने भात्यावर हात ठेवून तो थांबवला आणि मोठ्याने म्हणाली, "पाटील, ताशे थांबवा. हे कथील नव्हे, शिसं आहे. मी लावणार नाही."

सगळं गाव गोळा झालं. "आता ऐन वेळी?" पाटील कडाडले. "हजार माणूस जेवायचंय!"

"तुम्हीच ऐका," म्हणत तिने झोळीतला जुन्या कथलाचा उरलेला तुकडा त्यांच्या कानाशी वाकवला. कर्रर्र! मग व्यापाऱ्याची कांडी वाकवली, ती गप्पच. पाटलांनी दोनदा ऐकली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी व्यापाऱ्याला शोधायला माणसं धाडली, पण तो केव्हाच पसार झाला होता.

"मग आता कथील आणायचं कुठून?" पाटलांनी विचारलं.

गर्दीच्या कडेला रखमा उभी होती. चारही वर्षं तिने बंधाऱ्यावर दगड वाहिले होते. तिच्या हातात कथलाच्या बांगड्या होत्या. चांदी परवडत नाही म्हणून घातलेल्या, पदराखाली झाकलेल्या. तिने त्या काढून पुढे केल्या. "या चालतील का गं?"

जैतूनबीने एक बांगडी वाकवली. कर्रर्र! पोरांनी आरोळी ठोकली. मग कुणी कथलाचे वाळे आणले, कुणी तोडे. ज्याला त्याला आपला दागिना कानाशी धरून ऐकायचा होता! भाता पुन्हा धपापू लागला आणि ऊन कलायच्या आत सातही पातेली उजळली.

संध्याकाळी पिवळीधमक कढी उकळली. पंगतीवर पंगती उठल्या, कुणाची जीभ कडवटली नाही.

पाटलांनी स्वतः पळी हातात घेतली आणि रखमा नि जैतूनबीला पहिल्या पंगतीत बसवून वाढलं. वाढता वाढता म्हणाले, "जैतूनबी, इथून पुढे गावातलं एकही भांडं दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही."

इसाक मान खाली घालून जेवत होता. थोड्या वेळाने तो बायकोला म्हणाला, "बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस."

तात्पर्य: जी खोट फक्त आपल्यालाच कळते, ती आपणच बोलून दाखवावी, कारण तिथे दुसरा राखणदार नसतो.