मुकोबाचा कौल

फार वर्षांपूर्वी, किती ते मला विचारू नका, वेळजे गावाला दोन देव होते. एक खाली वेशीतला भैरोबा. शेंदूर फासलेला, मोठ्या डोळ्यांचा, हाक मारली की धावणारा. दुसरा वर कड्यातल्या लेण्यात. मांडी घालून बसलेला, हात मांडीवर, डोळे मिटलेले. तो बोलत नाही, मागत नाही, कुणाच्या अंगात येत नाही, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं मुकोबा. लेण्यात संघरख नावाचा एक म्हातारा भिक्खू राहायचा. तो हसून म्हणायचा, "अरं बाबांनो, ह्यो देव न्हाई. मानूस हुता. जागा झाला, येवढंच." लोक मान डोलवायचे आणि जाता जाता मुकोबापुढे नारळ फोडायचे.

भैरोबाचा गुरव होता धुळाजी. पूजा त्याची आणि कौलही त्याचाच. कौल म्हणजे काय, तर फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या अंगाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि देवाला विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. नांगर कधी धरायचा, लेक कुठं द्यायची, चुकलेलं जनावर कुठल्या रानात शोधायचं, सगळं गाव कौलावर चालायचं. धुळाजीचा हात शुद्ध, असं म्हणतात. तीस वर्षांत त्याच्या कौलावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मग ते साल आलं. दोन पावसाळे कोरडे गेले. नदी आटली, विहिरी आटल्या, झाडांच्या साली उतरल्या. पाणी उरलं एका ठिकाणी, लेण्याच्या टाक्यात. जुन्या भिक्खूंनी कड्याच्या पोटात खोदलेलं ते टाकं. त्यांचा नियम होता की हे पाणी तहानलेल्या कुणालाही नाकारायचं नाही. गाव त्याच पाण्यावर जगत होतं, माणशी रोज दोन ओंजळी.

आणि एके सकाळी घाटाखालची माणसं खिंडीत आली. तेवीस जण. बाया, पोरं, दोन-तीन म्हातारे. खालचा मुलूख पार जळून गेला होता. वर चढायचं त्राण नव्हतं, म्हणून ती खिंडीतच बसली आणि त्यांनी गावाकडे पाणी मागितलं.

गाव भैरोबापुढे जमलं. पाटील म्हणाला, "द्यावं तर आपली पोरं मरत्याल. न द्यावं तर पाप. मी न्हाई ठरवत. देव ठरवंल. धुळाजी, लाव कौल."

धुळाजीनं पाकळ्या घेतल्या. समोर त्याची सून उभी होती, सातवा महिना चालू असलेली, ओठ फुटलेली. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग उजवी पाकळी चांगली भिजवून अंगठ्यानं दाबून बसवली आणि डावी नुसती टेकवली. एवढंच केलं. कुणाला दिसलं नाही. डावी पाकळी लगेच पडली आणि गावानं सुटकेचा श्वास सोडला.

लेण्याच्या पायऱ्यांवर काठ्या घेतलेले गडी बसले. संघरख भिक्खू मात्र रोज आपल्या वाट्याचं पाणी वाडग्यात घेऊन खिंडीत उतरायचा. गडी त्याला अडवत नसत. एक वाडगा आणि तेवीस तोंडं, अडवायचं तरी कशाला?

चौथ्या दिवशी धुळाजीला राहवलं नाही. तो आपल्या वाट्याच्या दोन ओंजळी लोट्यात घेऊन खिंडीत गेला. तोवर बहुतेकांनी प्राण सोडला होता. एक बाई तेवढी धुगधुगी धरून होती, मांडीवर लेक होती, पण लेक कधीच गेली होती. धुळाजीनं तिच्या ओठाला लोटा लावला. ती प्यायली नाही. तिनं विचारलं, "गावानं पानी का न्हाई दिलं, दादा?"

धुळाजी म्हणाला, "देवाचा कौल डावा पडला, बाई."

"देवानं सांगितलं व्हय?" ती म्हणाली. "मग ठीक हाय. देवाला समदं कळतं." आणि तिनं मान टाकली.

काही जण सांगतात, ती त्याची बहीण होती. मला ते पटत नाही. बहीण असती तर ऊर बडवून रडला असता आणि मोकळा झाला असता. ती कुणीच नव्हती आणि जाताना त्याचा खोटेपणा खरा मानून गेली. ह्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

तो गावात आला आणि सगळ्यांपुढे बोलून टाकलं. "कौल देवाचा नव्हता, माझ्या अंगठ्याचा हुता." गावानं ऐकलं नाही. पाटील म्हणाला, "उन्हानं टकुरं फिरलंय तुझं. कौल देवाचाच." आता बघा, दुसरं काय म्हणतील? त्याचं खरं मानलं असतं तर ती तेवीस मढी साऱ्या गावाच्या दारात आली असती. देवाच्या अंगावर घालणं सोपं.

धुळाजीनं भैरोबाचे पाय धरले, माफी मागितली आणि कौल लावला. उजवी पाकळी टपकन पडली. देवानं माफ केलं होतं. पण धुळाजीला आता स्वतःच्या हाताचाच भरवसा उरला नव्हता. देवानं माफ केलं की अंगठ्यानं? म्हणून तो पायऱ्या चढून लेण्यात गेला आणि जे गावात कुणी कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. मुकोबाच्या दोन गुडघ्यांना दोन पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "मी सुटलो का?"

पाकळ्या हलल्या नाहीत. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. त्या उन्हात भिजलेलं फडकं पळात वाळायचं, पण पाकळ्या दगडाला धरून होत्या.

कोपऱ्यात संघरख पडून होता. आपल्या वाट्याचं पाणी वाटून वाटून त्याचाही शेवट आला होता. तो म्हणाला, "त्याला नको इचारू. तो सुटका देत न्हाई. वाट सांगून गेला, चालायचं आपल्या पायानं."

"मग माझा भैरोबा खोटा?"

"खोटा कशानं? हाय की. पर तोबी वाटंवरलाच. देवपन पुन्यानं मिळतं. पुन्य सरलं की देवालाबी खाली उतरावं लागतं."

"माझा देव न्हाई उतरत," धुळाजी म्हणाला. "तो हात धरून पार नेतो. आमचं तसंच हाय. आन माझा बा तर म्हनायचा, देव आपल्या आतच हाय, त्यो कळला की मानूस सुटला. म्या आत बघितलं, बाबा. आत माझा अंगठाच दिसतो."

"दिसला न्हवं?" म्हातारा म्हणाला. "लोकान्ला तेवढंबी दिसत न्हाई. तिथनंच उठ." त्याच रात्री तो गेला. दुसऱ्या दिवशी धुळाजीनं त्याला लेण्यासमोर अग्नी दिला.

मग त्यानं टाक्यातून घागर भरली. काठीवाले गडी उठले, पण त्याच्या तोंडाकडे बघून बाजूला झाले. घागर घेऊन तो खिंडीत गेला. आता प्यायला तिथं कुणी नव्हतं. तेवीस जणांना त्यानं एकट्यानं माती दिली, आणि रिकाम्या खिंडीत घागर घेऊन बसला. पुढच्या साली पाऊस झाला. त्या दिवशी टाक्यात अजून छातीभर पाणी होतं. ते गावानं डोळ्यांनी बघितलं आणि त्यानंतर कित्येक दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

धुळाजी बारा वर्षं खिंडीत बसला. येईल त्याला पाणी द्यायचा, चोराला, महारोग्याला, वाट चुकलेल्या जनावरालाही. त्याची घागर कधी रिती झाली नाही, असं म्हणतात. आणि ती बारा वर्षं मुकोबाच्या गुडघ्यांवरच्या पाकळ्या वाळल्या, काळ्या पडल्या, पण खाली आल्या नाहीत. तो गेला त्या दिवशी दोन्ही पाकळ्या पडल्या. एकाच वेळी. उजवी आधी की डावी, ते लेण्यात असलेल्यांनाही सांगता आलं नाही.

यावर गावात अजून वाद आहे. भैरोबाचे म्हणतात, देवानं स्वतः येऊन त्याला हाताला धरून नेलं. लेण्याचे म्हणतात, नेलं कुणीच नाही, कुठं गेलाही नाही, तो जागा झाला. दोन्ही बाजूंचे लोक तावातावानं बोलतात. मला विचाराल, तर ज्याला हे ठाऊक होतं तो एकटाच होता आणि तो पाणी देण्यात गुंतला होता.

आजही चैत्रात टाक्याचं पाणी उतरायला लागलं की गावच्या बाया घागरी भरून खिंडीत उतरतात. त्याच वेळी गुरव मुकोबाच्या गुडघ्यांना दोन पाकळ्या लावतो, मोठ्यानं विचारतो, "पाणी द्यायचं का?" आणि उत्तराला न थांबता पाठ फिरवून बायांच्या मागोमाग खाली जातो. कुठली पाकळी पडली ते कुणी बघत नाही. खिंडीत पहिला जो वाटसरू भेटेल त्याला काय विचारायचं ते आधी सांगतात. तो ओंजळ पुढे करतो आणि विचारतो, "देवानं सांगितलं व्हय?"

आणि घागर वाकवणारी बाई म्हणते, "न्हाई. मी देते."