तीन बोटांचा पाय

एका राज्यात एक राजा होता. राजा भला, पण महालाचा भारी हौशी. महालासाठी त्याने डोंगर फोडला, तेव्हा कड्याच्या पोटातून पुरुषभर लांब हाडं निघाली. आदिकाळच्या कुठल्या जनावराची, कोणास ठाऊक! राजाने ती चुन्याच्या भट्टीत टाकली.

त्या डोंगरात युगानुयुगं एक जोगी राही. तो दरबारी आला नि बोलला, "राजा, माझ्या सोबत्याची हाडं जाळलीस. तुझ्या राज्यात आता जनावर उरणार नाही."

बोलला आणि झालं. गोठ्यातले बैल मातीचे ढीग झाले, मोहोळातल्या माश्या मातीचे कण झाले. नांगर चालेना, फुलाला फळ धरेना.

राजाने पाय धरले. जोगी म्हणाला, "मी सांगेन ती तीन जनावरं मातीची घडवा. खरी उतरली तर चालतील, शाप सुटेल. चुकली, तर घडवणाराही माती."

पहिलं सांगितलं, बसला बैल उठतोय असा करा. दरबारच्या मूर्तिकाराने ऐटदार बैल केला, पुढचे पाय आधी रोवलेला. मूर्तिकार बसल्या जागी माती झाला.

मग येसाई कुंभारीण निघाली. सून म्हणाली, "आत्याबाई, मरायला कशाला जाता?"

"मग काय नांगर तू ओढणार?"

येसाईने बैल केला. ढुंगण वर, गुडघे भुईवर. दरबार खो खो हसला. बैलाने शेपटी झटकली नि उठून चालू लागला.

"आता शेणातला किडा," जोगी म्हणाला.

येसाईने किड्याचं डोकं खाली केलं, मागचे पाय गोळीवर टेकवले. "हा उलटा ढकलतो, महाराज. माझं निम्मं आयुष्य शेण थापण्यात गेलंय." किडा गोळी लोटत सिंहासनाखालून निघून गेला.

तिसऱ्या वेळी जोग्याने झोळीतून एक पाऊल काढलं, नुसत्या हाडांचं. "भट्टीतून एवढंच वाचलं. बाकीचं तू उभं कर."

जनावर कुणीच पाहिलेलं नाही! प्रधान म्हणाला, "मगरीसारखं सरपटतं कर, बाई."

येसाईने हाडांवरून अंगठा फिरवला. बोटं तीन, हाड आतून पोकळ. चुलीपाशी असलं हाड तिने कितीदा सोललं होतं! तिने हत्तीएवढं जनावर दोन पायांवर उभं केलं, शेपूट मागे सरळ.

राजा ओरडला, "अगं, राक्षसाला कोंबडीचे पाय?"

"हाड सांगतंय ते करते. मरायचं मला, तुम्ही हसा."

पण जनावर हलेना. येसाईची पावलं मातीची झाली. मग गुडघे. माती कमरेला आली, तरी ती जनावराकडेच बघत होती. "अगं बाई, मान राहिली! मान पुढे टाकल्याशिवाय ही जात चालते कुठे?" तिने हात उंच करून ओली मान पुढे ओढली.

जनावराने एक पाऊल टाकलं. मान पुढे, पाऊल पुढे, मान पुढे, पाऊल पुढे.

जोगी रडू लागला. "अस्संच चालायचं गं ते. मी विसरलो होतो."

येसाईचे पाय मोकळे झाले. गोठे हंबरले, मोहोळं गुणगुणली. राजाने हात जोडले, कुदळी परत बोलावल्या, डोंगर जोग्याला दिला. जोगी नि त्याचा सोबती कड्यात शिरले, कडा मिटला.

मूर्तिकारही मातीतून उठला, तो थेट येसाईच्या अंगणात आला. "आई, मला शिकवाल?"

"बस की. माती नंतर. आधी कोंबड्यांना दाणे टाक, नि नीट बघ."

तो बसला, बघत राहिला. तसंच सगळं राज्य सुखाने बसलं, तुम्हीही बसा.