हौसाचा लाल दिवा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, देवाशपथ. हौसाच्या सख्ख्या शेजारणीने सांगितली. म्हणजे शेजारीण कसली, हौसाला शेजारच नव्हता. बारुदाच्या कोठाराला लागून घर बांधणार कोण?

ढवळगडच्या या कोठारावर हौसा पहारेकरीण होती आणि आज तिची नोकरी जायच्या बेतात होती. प्रधान त्रिंबकपंतांनी राज्यात शिकवणीचं यंत्र आणलं होतं. (त्या काळी यंत्र कुठलं, असं विचारू नका. राजाच्या पदरी काय नसतं?) कोठारात पाय ठेवणाऱ्याने यंत्रावर सुरक्षेचे धडे वाचायचे, असं फर्मान निघालं. पान वाचलं की ‘पुढे’ दाबायचं. पानं संपली की दरबारातल्या तक्त्यावर नावासमोर हिरवा दिवा आणि गळ्यात प्रमाणपत्र. अख्खा दरबार एका दुपारीत हिरवा झाला. एकटी हौसा लाल.

“एका बाईपायी सगळ्या तक्त्याला डाग,” पंत भर दरबारात म्हणाले. “हाकला हिला.”

“पंत, ‘पुढे’ तर माझी शेळीपण दाबेल. या मंडळींच्या डोक्यात काय शिरलं, ते दाखवा की.”

दुर्जयसिंह महाराजांना ते झोंबलं. त्यांचंही प्रमाणपत्र सिंहासनामागे टांगलेलं होतं. बटण पंतांनीच दाबून दिलं होतं. “काही शिरलं नाही, हे आज सूर्य बुडायच्या आत तूच दाखव. पण कुणालाही एकसुद्धा प्रश्न विचारायचा नाही. नाही जमलं, तर राज्य सोडायचं.”

हौसाने पदर खोचला. “नाही विचारत, सरकार. फक्त एक करा. हिरव्या दिव्यावाल्यांचा आज सत्कार ठेवा. कोठारातच.”

सत्काराला नाही म्हणणारा माणूस ढवळगडात अजून जन्मायचा होता.

हौसा पाण्याच्या दोन घागरी घेऊन कोठाराच्या दारात बसली. तिसऱ्या प्रहरी वाजतगाजत मिरवणूक आली. पुढे पंतांची पालखी आणि पालखीपुढे दोन पेटत्या मशाली. ऊन रणरणत होतं, पण प्रधानाचा मान म्हणजे मान! मशाली थेट दाराशी आल्या. हौसाने घागर उचलली आणि मशालींसकट पंतांना न्हाऊ घातलं.

“डोळे फुटले का गं तुझे?”

“शाबूत आहेत, पंत. म्हणून तर तुम्हीही शाबूत आहात.”

मागून महाराज आले. त्यांच्यामागे हुजऱ्या, हुजऱ्याच्या हातात हुक्का आणि हुक्क्यावर फुललेले निखारे. हौसाने दुसरी घागर उचलली.

“सरकार, प्रश्न विचारायची मनाई आहे, म्हणून विचारत नाही.”

महाराजांनी निखाऱ्यांकडे पाहिलं, आतल्या बारुदाच्या पिंपांकडे पाहिलं आणि हुजऱ्याला लांब पिटाळलं.

“तरीसुद्धा हिचा दिवा लालच आहे!” मिशांतून पाणी गाळत पंत ओरडले.

“असणारच,” हौसा म्हणाली. “पहिल्याच पानावर लिहिलंय, दारातून विस्तव आत जाऊ देऊ नका. तुमचं येणंजाणं रोज असंच मशालींनिशी. ते थांबलं, की दाबीन ‘पुढे’.”

महाराज पोट धरून हसले. हौसाला त्यांनी कोठाराची मुखत्यारी दिली, वर पंतांची पालखी दिली. आणि पंतांना यंत्रासमोर पहिल्या पानावर बसवलं, ‘पुढे’चं बटण उपटून.

आता खरं सांगतो, यातलं महाराजांचं हसणं तेवढं माझ्या पदरचं.