विरजण गेलं कुठं?

आमच्या दुग्धसंशोधन संस्थेतलं दही इतकं घट्ट लागतं, की पाहुणे हौसेनं वाटी उलटी करून बघतात. अर्थखात्याचे सचिव दाभाडकरसाहेब तर त्या दह्यासाठीच तपासणी काढायचे. यंदा मात्र येण्याआधीच त्यांनी नव्या संशोधकांच्या शिष्यवृत्त्या बंद केल्या. “जुने शास्त्रज्ञ आहेत की! ही पोरं करतात तरी काय?” पोरांनी बिचाऱ्यांनी गाशा गुंडाळायला घेतला.

जेवताना साहेबांपुढे वाटी आली. सवयीप्रमाणे त्यांनी ती उलटी केली आणि सगळं दूध त्यांच्या पँटवर सांडलं!

“दही कुठंय?” साहेब कडाडले.

वाढायला शर्वाणी उभी होती. शिष्यवृत्ती तिचीही गेली होती. ती नम्रपणे म्हणाली, “साहेब, होतं नव्हतं तेवढं विरजण तुम्ही आमच्या उत्साहावर घातलंत. दुधात घालायला उरलंच नाही.”

संचालकबाईंनी हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला. साहेब आधी लालबुंद झाले, मग पँट पुसता पुसता खो खो हसत सुटले.

“शिष्यवृत्त्या चालू ठेवतो, पोरी. ते विरजण आता दुधात घाल. उद्या पुन्हा जेवायला येतो,” ते म्हणाले, “पण वाटी उलटी तू करायचीस!”